जावयाच्या गाडीतली मेथी

आमच्या जावयाच्या नव्याकोऱ्या गाडीत सर्वांत आधी मेथी बसली. जावई नंतर बसले.

घटनेची पार्श्वभूमी अशी. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त होऊन मी बायकोसह बेंबळी गावातल्या घरी राहायला आलो. घरामागं मोकळी जागा, बोअरला पाणी आणि हाताला काम नाही. अशा वेळी माणूस बी विकत आणतो. मी मेथी, कोथिंबीर आणि पुदिना लावला. (शेपू मुद्दाम लावला नाही. शेपूच्या वासानं माझं डोकं उठतं.) गावातले लोक भाजी टप्प्याटप्प्यानं पेरतात. आज एक वाफा, आठवड्यानं दुसरा. मी मात्र आयुष्यभर सगळी पानं एकाच वेळी छपाईला सोडलेला माणूस. सगळं बी एकाच दिवशी टाकलं आणि सगळी भाजी एकाच दिवशी आली!

मग घरात हिरवी राजवट सुरू झाली. सकाळी मेथीचे धपाटे, दुपारी मेथीची भाजी, मधे कोथिंबिरीच्या वड्या, ताकात पुदिना.

“चहात कोथिंबीर तेवढी राहिली,” सुमन म्हणाली. सुमन म्हणजे माझी बायको. “सांगा, टाकू का?”

मी जुड्या बांधून शेजारी वाटायला निघालो. पण गावात ज्याच्या-त्याच्या रानात तीच भाजी. एक जुडी घेऊन गेलो की येताना हातात दोन असायच्या. पुढं पुढं तर मी कोपऱ्यावर दिसलो की लोक दारं लावून घेऊ लागले.

“वाळवून ठेवा की,” सुमन म्हणाली. “पण सावलीत बरं का. उन्हात रंग उडतोय.”

गच्चीवर आडोशाला वाळत घातली, वाऱ्यानं नेली. ओसरीत पसरली, शेजारच्या शेळीनं नेली. आता मला ऊन न लागता ऊब मिळेल, वारा येणार नाही आणि शेळी शिरणार नाही अशी जागा हवी होती. अशी जागा अंगणातच उभी होती. पांढरी, चकचकीत, सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली.

ही गाडी आमचे जावई संदीप यांची. धाराशिवला घेतली आणि लगेच त्यांना कामासाठी हैदराबादला जावं लागलं. त्यांच्या अपार्टमेंटमध्ये गाडीला जागा नाही, म्हणून शोरूमच्या ट्रकवरून ती थेट आमच्या अंगणात उतरवली. किल्ली पाठवून ते फोनवर म्हणाले, “मामा, अधूनमधून नुसती चालू करून ठेवा. बॅटरी उतरते.” त्यांच्या आईचा, म्हणजे आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या विहीणबाईंचा, वेगळा फोन आला.

“व्याहीबुवा, आमचं कुलदैवत अणदूरचा खंडोबा. गाडी देवाला नेल्याबिगर तिच्यात कुणी बी बसायचं न्हाई. पहिला मान देवाचा.”

“कुणीही बसणार नाही,” मी म्हणालो.

आमची एकुलती एक मुलगी विहीणबाईंची सून. त्यांना दिलेला शब्द मोडणं आमच्या घरात कुणालाच परवडण्यासारखं नव्हतं. तो मी मोडलाही नाही. ‘कुणी’ म्हणजे माणूस. मेथीचा उल्लेख नव्हता. (बातमीत जे नाही ते गृहीत धरायचं नाही, हे मी कितीतरी नवख्या वार्ताहरांना शिकवलं आहे.)

पुढच्या काचेला चादर लावली, सीटांवर जुने पेपर अंथरले आणि त्यांवर मेथी पसरली. मराठवाड्याचं ऊन आणि बंद गाडी! संध्याकाळपर्यंत मेथी पापडासारखी कुरकुरीत झाली, आणि रंग जसाच्या तसा. यशानं माणूस चेकाळतो. दुसऱ्या खेपेला कोथिंबीर डिकीत गेली. पुदिना वरच्या हँडलांना टांगला. काचांवर वाफ धरायला लागली तेव्हा मी बाहेरूनच हात घालून गाडी चालू केली आणि पंखा पूर्ण सोडला. तसंही गाडी चालू ठेवायला जावयांनीच सांगितलं होतं.

पंख्यानं वाफ गेली. पुढच्या सीटवरची निम्मी मेथीही गेली. कुठं गेली, याचा मी तपास केला नाही. पत्रकार म्हणून माझ्या हातून झालेली ही सर्वांत मोठी हयगय.

एका संध्याकाळी जावयांचा फोन आला. “मामा, आलोय मी. उद्या सकाळी आईला घेऊन येतो. थेट अणदूरला जाऊ.”

आम्ही दोघं झाडू घेऊन धावलो. वाळलेली मेथी हात लावला की भुकटी होते. भुकटी निघेना म्हणून मी ओलं फडकं फिरवलं. आता ती चिकटली!

“ओलं कशाला लावलाव?” सुमन ओरडली. “भजी तळायलाव काय सीटवर?”

वास घालवायला तिनं कापूर जाळला, मी उदबत्ती फिरवली. परिणामी गाडीत देवळाच्या गाभाऱ्यात कुणीतरी मेथी फोडणीला टाकल्यासारखा वास भरून राहिला.

सकाळी विहीणबाई आल्या. मोतिया रंगाची कोरी साडी, मोठं कुंकू. जावई पांढऱ्या शर्टात. विहीणबाई पुढं बसल्या, दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, “कापराचा वास यायलाय?”

“देवाच्या कामाला निघालोय, म्हणून,” मी मागून म्हणालो.

“बघ रे संदीप. किती श्रद्धा हाय!”

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ऊन चढलं तसे जावई म्हणाले, “मामा, एसी लावतो.”

“नको! एसीनं गुडघे धरतात.”

“आईचे न्हाई धरत.”

“माझे धरतात!”

जावई संस्कारी. त्यांनी काचा उघडल्या. पण हायवेला लागल्यावर ट्रकांची धूळ आत यायला लागली आणि विहीणबाईंचा धीर सुटला. “व्याहीबुवा, गुडघ्यावर टॉवेल टाका,” त्या म्हणाल्या. काचा वर झाल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं एसीचं बटण पूर्ण फिरवलं.

क्षणभर काही झालं नाही. मग गाडीच्या पोटात खरखर झाली, आणि समोरच्या सगळ्या जाळ्यांमधून मेथीनं एकदम बाहेर झेप घेतली!

“आई गं! टोळ आले टोळ!” विहीणबाई किंचाळल्या.

“आई, टोळ न्हाईत, पाला हाय!” जावयांनी गाडी कडेला घेतली आणि सलग शिंकू लागले. विहीणबाईंच्या केसांत मेथी, कुंकवावर मेथी, मोतिया साडी हिरव्या ठिपक्यांची झालेली. माझे गुडघे सोडून सर्वांना काही ना काही झालं होतं.

त्याच अवस्थेत आम्ही अणदूरला पोचलो. देवळाबाहेर भंडाऱ्याची हळद विकणाऱ्या बाईनं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मावशी, लोक हितून पिवळे होऊन जातेत. तुमी हिरव्या होऊन कुठनं आलाव?”

विहीणबाईंनी दर्शन घेतलं, गाडीवर भंडारा उधळला, नारळ फोडला. मग माझ्याकडं वळल्या.

“देवाच्या दारात हाव. खरं सांगा. गाडीत कोण बसलं होतं?”

सुमनचा चेहरा उतरला. आमच्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या एका उत्तरावर टांगलेलं.

“माणूस कुणी बसलं नाही,” मी म्हणालो. “मेथी होती. डिकीत कोथिंबीर. आणि थोडा पुदिना.”

विहीणबाईंनी साडीवरचं एक पान उचललं. बोटांत चुरलं, हुंगलं, उन्हात धरून बघितलं.

“सावलीत वाळवली?”

“गाडीत.”

“रंग उडला न्हाई,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गाडीकडं बघत राहिल्या. ती नजर मी ओळखली. माझीही अशीच झाली होती.

पुढच्या हंगामात एका सकाळी तीच गाडी आमच्या अंगणात येऊन थांबली. भाड्याच्या ड्रायव्हरशेजारून विहीणबाई उतरल्या. मागच्या सीटवर, डिकीत, पायांपाशी, सगळीकडं वाशीच्या रानातला ताजा शेपू!

“आमच्याकडं झाडांची सावली लई पडती,” त्या म्हणाल्या. “तुमच्या अंगणात ऊन चांगलं हाय. वाळला की कळवा.”

“आणि जावईबापू कामावर कसे जातात?” मी नाकावर रुमाल धरून विचारलं.

“एसटीनं,” त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. “आन् ध्यानात ठेवा व्याहीबुवा, शेपू निघंपर्यंत गाडीत कुणी बी बसायचं न्हाई.”

डोकं उठलेल्या अवस्थेत हा मजकूर लिहितो आहे. मधेमधे उठून शेपू खालीवर करावा लागतो.