गप्प मानलेला तुकडा

माझी पीएचडी संपत आली होती, तेव्हा प्रयोगात नेमक्या ज्या पेशींना काही व्हायला नको होतं, त्याच बिघडल्या.

मी उंदराच्या भ्रूणातून काढलेल्या मूलपेशींवर काम करत होते. त्या प्लास्टिकच्या छोट्या बशांमध्ये वाढवायच्या. ठीक असल्या की त्या एकमेकींना चिकटून गोल, फुगीर झुबके करतात. बिनसलं की चपट्या होऊन पसरतात आणि मग त्या मूलपेशी राहत नाहीत, दुसरंच काहीतरी व्हायला लागतात. त्यांना वाढवण्याचं गुलाबीसर द्रव रोज बदलावं लागतं. रविवार असो नाहीतर लक्ष्मीपूजन, धायरीहून स्कूटर काढायची, सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला संस्थेत जायचं, पेशींचं सगळं करायचं आणि परत यायचं. घरी कुणी आजारी असल्यासारखंच होतं ते.

विषय होता डीएनएमधल्या फिरत्या तुकड्यांचा. आपल्या डीएनएचा मोठा भाग अशा तुकड्यांनी भरलेला आहे, जे कधीकाळी स्वतःच्या प्रती काढून दुसरीकडे जाऊन बसले. आता त्यातले बहुतेक मोडके आहेत, जागचे हलत नाहीत. पूर्वी त्यांना सरसकट कचरा म्हणत. नंतर लक्षात आलं की भ्रूणाच्या अगदी सुरुवातीला, मूलपेशींमध्ये, यातले काही तुकडे शेजारच्या जनुकांना जागं ठेवतात.

असा एक तुकडा मी निवडला होता. तो कापून काढला की शेजारचं जनुक मंदावतं आणि पेशी पसरतात, हे मला दाखवायचं होतं आणि ते दिसतही होतं. पण नुसत्या कापाकापीनं पेशी बिघडत नाहीत, हेही दाखवावं लागतं. म्हणून तुलनेला त्याच जातीचा दुसरा एक तुकडा घेतला होता. इतर पेशींमधल्या जुन्या माहितीवरून तो काहीच करत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘गप्प तुकडा’ म्हणत. तो कापल्यावर पेशी जशाच्या तशा राहायला हव्या होत्या आणि सुरुवातीला राहिल्याही. प्रबंध लिहायला बसण्याआधी माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “एकदा जास्त दिवस वाढवून बघ, म्हणजे परीक्षकांना शंका नको.” मी वाढवल्या. आणि सूक्ष्मदर्शकाखाली एके सकाळी त्या पेशीही चपट्या दिसल्या.

मॅडमनी डोळा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “नळ्या आपसात बदलल्यास तू.”

“नाही मॅडम.”

“बदलल्यात हे कळत असतं तर बदलल्याच नसत्यास.”

मॅडम सदाशिव पेठेतल्या. अपमान करायचा त्यांचा हेतू नसायचा, बोलायची पद्धतच तशी होती. तरी मला लागलं. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. तेव्हा मॅडमनी सांगितलं की शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं बशांवरची नावं झाकायची आणि मी, कुठली बशी कसली आहे हे माहीत नसताना, पेशी कशा दिसतात ते सांगायचं. मैत्रिणीला संकोच वाटत होता. “तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं,” असं ती सारखी म्हणत होती. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. शेवटी तिनं वरच्या चिकटपट्ट्या काढल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. गप्प तुकडा कापलेल्या सगळ्या बशा मी ‘पसरलेल्या’ म्हणून सांगितल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मॅडमनी घरी बोलावलं. दार उघडून म्हणाल्या, “ये. चहा हवा असेल तर सांग, आग्रह करणार नाही.” मी हवा म्हणाले. त्यांनी स्वतःच केला. मग जेवणाच्या टेबलावर माझ्या लॅपटॉपमधले पेशींचे फोटो बराच वेळ पाहत बसल्या.

“तुझं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आता दोन रस्ते आहेत. हा तुकडा प्रबंधातून काढून टाक. खोटं काही लिहायचं नाही, फक्त याच्याबद्दल लिहायचंच नाही. तुलनेला दुसरा घे, प्रबंध दे, मोकळी हो. नाहीतर याच्या मागे लाग. मग वर्ष गेलं असं समज.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग? नोकरी तुझी जाणार आहे.”

नोकरी होती हिंजवडीतल्या एका कंपनीत, रुग्णांच्या डीएनएच्या माहितीचं विश्लेषण करण्याची. प्रबंध दिल्याचा कागद दाखवला की रुजू व्हायचं, असं ठरलं होतं.

घरी बाबांना सांगितलं. बाबा भंडाऱ्याकडचे, तरुणपणी पुण्यात कारखान्यात लागले आणि इथेच निवृत्त झाले. आमच्या घरात शिक्षण ही सगळ्यात मोठी गोष्ट. बाबासाहेबांचा फोटो जिथे आहे त्याच भिंतीवर माझ्या एमएस्सीच्या पदवीदान समारंभाचा फोटो बाबांनी लावला होता. त्यामुळे ते म्हणतील, शीक बाई, असं मी धरून चालले होते. ते तसं म्हणाले नाहीत.

“काहून थांबते तू आता?” ते म्हणाले. “मॅडम स्वतः सांगून राहिल्या ना, की काढून टाक म्हणून?”

“त्यांनी दोन्ही सांगितलं, बाबा.”

“मंग त्यातलं सोपं घे. त्या तुकड्यानं कोणाचं काय अडून राहिलं?”

“माझंच अडलंय. ज्याच्याशी तुलना केली तेच चुकीचं असेल तर माझं आधीचं सगळंच तपासावं लागेल.”

“म्हणजे तू स्वतःच स्वतःचं काम खोटं पाडणार?”

आई मध्ये पडली, जेवून घ्या म्हणाली. बाबा जेवले, पण पुढचे काही आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मी थांबायचं ठरवलं, त्यामागे फार मोठं तत्त्व नव्हतं. पहिला रस्ता मी खरंच धरून पाहिला होता. प्रबंधाच्या मसुद्यातून त्या तुकड्याचे परिच्छेद खोडले आणि उरलेलं वाचलं. वाचताना, तोंडी परीक्षेत हे कुणी विचारलंच तर मी काय सांगेन, एवढंच मनात येत राहिलं. कंपनीला कळवलं. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं की त्यांना थांबता येणार नाही.

त्या वर्षी मी आधी, डीएनए कापायला वापरलेली रेणूंची कात्री दुसरीकडेच कुठे चालली नाही ना, हे तपासलं. नव्हती चालली. मग काढलेला तुकडा परत त्याच जागी बसवला. बऱ्याच पेशी पुन्हा गोल झाल्या, सगळ्या नाही. त्याच्या शेजारचं मंदावलेलं जनुक पुन्हा जागं झालं. उंदराच्या त्वचेच्या पेशींमध्ये तोच तुकडा कापला तर काहीच फरक पडला नाही. म्हणजे तो गप्प होता हे इतर पेशींपुरतं खरंच होतं, मूलपेशींत मात्र तो कामावर होता. आम्ही त्याची चौकशी चुकीच्या ठिकाणी केली होती. हे कळलं त्या दुपारी मी कॅन्टीनला जाऊन एकटीनं मिसळ खाल्ली आणि मला फार बरं वाटलं.

पण बाबा म्हणाले होते तेही झालं. तुलनेला नवा, खरोखर शांत तुकडा घेऊन तितकेच दिवस वाढवल्यावर थोडं पसरणं नुसत्या कापाकापीनंही होतं असं दिसलं; माझ्या मूळ तुकड्याचा परिणाम उरला, पण आधी वाटला होता तेवढा नाही. प्रबंधातल्या ज्या प्रकरणावर माझी भिस्त होती ते सगळ्यात लहान झालं. मॅडमनी ते वाचून समासात एवढंच लिहिलं, ‘आता पटतं.’

तोंडी परीक्षेला बाबा आले. सगळं इंग्रजीत होतं. ते मागच्या रांगेत ताठ बसून होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गप्प तुकड्यावरच सगळ्यात जास्त वेळ विचारलं आणि एकदा तर मॅडम आणि त्यांच्यातच वाद झाला. नंतर व्हरांड्यात बाबांनी मला बाजूला घेतलं.

“ते साहेब तुझ्यावर चिडले होते का?”

“नाही बाबा. त्यांना ते आवडलं होतं.”

“असं? मला वाटलं, गेलं सगळं.” मग म्हणाले, “नोकरीचं मात्र वाईटच झालं.”

वाईट झालंच होतं, हे मीही मान्य केलं. नंतर बरेच महिने मी घरी होते. मग एका महाविद्यालयात शिकवायला लागले, अजून तिथेच आहे. जनुकांच्या धड्याशी आले की वर्गात फिरत्या तुकड्यांबद्दल थोडं सांगते, त्या पेशींचे फोटोही दाखवते. गेल्या वर्षी एका मुलीनं हात वर केला. मला वाटलं प्रश्न आहे.

“मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे?”

“नाही,” मी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं, पण फोटोकडे बघत राहिली.