साहेब यायचे आहेत

गिरगावातल्या जुन्या हॉटेलांच्या गोड आठवणी कोणी लिहिल्या की माझं डोकं फिरतं. ती मिसळ, ते पियूष, ती संगमरवरी टेबलं, ते प्रेमळ मालक. लिहिणारे बहुतेक सगळे पुरुष. त्यांना बसायला खुर्ची मिळत होती, म्हणून मालक प्रेमळ वाटले. मला त्याच हॉटेलांतल्या एकाने दारातून परत पाठवलं होतं. आज मी ऐंशीच्या पुढे आहे, पण ते विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. मी तेवीस वर्षांची, ठाकुरद्वारजवळच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला होते. लग्नपत्रिका, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि सभांची पत्रकं. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची. आईने सकाळी सातला भरलेला डबा साडेबाराला उघडला की पोळीला वाफेचं पाणी सुटलेलं असे आणि भाजीचं तेल झाकणाला लागलेलं. घर जवळ होतं, पण जाऊन यायलाच वीस मिनिटं लागत. शिवाय घरी ताटात भाताच्या आधी स्थळं वाढली जात.

छापखान्यासमोर एक हॉटेल होतं. दुपारी तिथे पुऱ्या तळायला घेतल्या की वास थेट माझ्या टेबलापर्यंत यायचा. मला गरम पुरीभाजी खायची होती, तीही बसून, पंख्याखाली. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. लोक अजून विचारतात, डबा खाल्ला असता तर काय बिघडलं असतं. काही बिघडलं नसतं. मला गरम हवं होतं.

पहिल्या दिवशी मी आत जाऊन एका रिकाम्या टेबलाशी बसले. मालक गल्ल्यावरून उठून आले.

"बाई, इकडे पुरुषमाणसं बसतात."

"मग मी फॅमिली रूममध्ये बसते."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग फॅमिली कसली? बांधून देतो, घेऊन जा."

फॅमिली रूम म्हणजे मागच्या बाजूला प्लायवूडच्या फळ्या घालून केलेले चार खण. प्रत्येकाला गुडघ्यापर्यंत येणारा हिरवा पडदा. तिथे बसायला बाईबरोबर पुरुष लागे. पुरुषाबरोबर बाई नसली तरी त्याला अख्खं हॉटेल मोकळं होतं. मी पुडी घेतली आणि छापखान्याच्या जिन्यात उभ्याने खाल्ली. पुऱ्या गार होऊन चिवट झाल्या होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

आणि मालक मागासलेले होते असं कोणी म्हणू नये. गल्ल्यामागे "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असा फलक होता. त्याचं प्रूफ मीच तपासलं होतं. मोर्चा असला की मालक रस्त्यावर येऊन बायकांना पाणी द्यायचे. मोर्चात आम्हांला सगळ्यांत पुढे ठेवत, पोलीस बायकांवर हात उचलताना जरा कचरतात म्हणून. लाठीसमोर आम्ही एकट्या चालत होतो. पुरीसमोर चालत नव्हतो.

आठवड्याने मी पुन्हा गेले आणि मालकांना सांगितलं, "साहेब यायचे आहेत. मी आत बसते."

एवढंच. मालकांनी मान हलवली, मला खणात बसवलं. वेटरने पाण्याचे दोन ग्लास ठेवले. मी म्हटलं, त्यांना उशीर होईल, माझं आणा. पुऱ्या आल्या, फुगलेल्या, हात लावला की चटका बसेल अशा. मी सहाच्या सहा खाल्ल्या आणि वेळ झाली म्हणून उठले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. साहेब रोज यायचे असत आणि रोज येत नसत.

तो वेटर कोकणातला, पन्नाशीचा, मवाळ माणूस. पहिले काही दिवस तो दुसरा ग्लास मुकाट्याने उचलून न्यायचा. मग त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसायला लागलं. मग माझ्या ताटलीत सहाच्या सात पुऱ्या यायला लागल्या. एक दिवस ग्लास उचलता उचलता तो हळूच म्हणाला, "गो बाय, सोड त्याचो नाद. तो काय येवचो नाय."

मी मान खाली घातली. हसू आवरायला घातली होती, त्याला वाटलं रडतेय. खरं सांगितलं असतं तर खण गेला असता. सातवी पुरी दयेची होती हे मला कळत होतं, पण तीही मी खाल्ली.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा एका गोऱ्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. रोज संध्याकाळी त्यांचा चौघा मित्रांबरोबर याच हॉटेलात अड्डा जमे. खिडकीजवळचं टेबल, भिंतीला पाठ लावलेली खुर्ची ती त्यांची. तिथे बसून ते मुंबईवर हक्क कुणाचा यावर तासभर बोलत आणि बाकीचे ऐकत. मालक त्यांना रावसाहेब म्हणत. "माझी मुलगी मोर्चात पहिल्या रांगेत असते," असंही ते तिथे छाती काढून सांगत. मुलीला मात्र त्यांच्याबरोबर कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे दुपारी येणारी ती मीच हे मालकांनाही ठाऊक नव्हतं आणि वेटरलाही.

एका रविवारी चौपाटीवरच्या सभेहून परतताना बाबा भलतेच खुशीत होते. आईला आणि मला म्हणाले, चला, आज तुम्हांलाही चहा पाजतो. मी पोट दुखतंय म्हणून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. आम्ही तिघं फॅमिली रूममध्ये बसलो. वेटर आला, माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रावसाहेब, ही तुमची मुलगी? आणि त्या माणसान एक दिवस तोंड दाखवल्यान नाय हो. महिनाभर पोर वाट बघता."

त्याच्या मनात फक्त चांगलं होतं. म्हणूनच मी त्याच्यावर कधी धड रागावूही शकले नाही.

चहा न घेताच बाबांनी आम्हांला घरी आणलं. घरात शिरल्यावर दार लावून घेतलं.

"कोण आहे तो?"

"कोणी नाही. एकटीला बसू देत नाहीत म्हणून मी सांगते, साहेब यायचेत. मला पुरीभाजी खायची असते."

"पुरीभाजी," बाबा म्हणाले.

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "निदान जातीतला तरी आहे का ते सांग."

मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा ओरडून सांगितलं. कोणाचाही विश्वास बसला नाही. जो माणूस जन्मालाच आला नव्हता तो त्यांना खरा वाटत होता, आणि माझी भूक खोटी. त्या रात्री माझ्या आईबापांचा, दोघांचाही, मला मनापासून तिटकारा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दामच गेले. पुऱ्या आल्या आणि शेजारच्या खणातून खोकला ऐकू आला. तो खोकला मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आले होते. फळीच्या पलीकडे बाबा चहा मागवून बसले होते, त्या माणसाला पकडायला. खरं सांगते, मला आनंद झाला. मी शांतपणे जेवले. अर्ध्या तासात कोणी आलं नाही. ते पलीकडे, मी अलीकडे, मधे बोटभर जाडीची फळी. मी उठले तेव्हा पडद्याखाली त्यांची छत्री आणि चपला दिसल्या. मला वाटलं, झालं, आता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता ते मालकांना सांगतील की माझी मुलगी जेवायला येते, तिला बसू द्या. त्यांचा शब्द मालक खाली पडू देणार नाहीत. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी.

पुढच्या दुपारी मालकांनी मला दारातच थांबवलं. आवाज मऊ होता.

"ताई, आता ते साहेब काही यायचे नाहीत. मग फॅमिली रूम कशाला?"

मला काही कळेना. वेटर बाहेर आला आणि माझी समजूत घालत म्हणाला, "बरा झाला, सुटलास. रावसाहेबांनी त्येका काल गाठून चांगलो दम दिल्यानी. परत हय पाय ठेवचो नाय."

काल संध्याकाळी माझ्या वडिलांनी आपल्या खुर्चीत बसून सगळ्यांना सांगितलं होतं की त्या गृहस्थाला आपण गाठलं, कानउघाडणी केली आणि हाकलून लावलं. मित्रांनी वाहवा केली म्हणे. नसलेल्या माणसाला पिटाळून माझा बाप शूर ठरला होता आणि माझं जेवण बंद झालं होतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दारात कळलं.

संध्याकाळी मी बाबांच्या पुढ्यात उभी राहिले.

"तुम्ही स्वतः पाहिलंत, कोणी आलं नाही."

"पाहिलं."

"मग?"

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत बसले. "मग लोकांना काय सांगू? माझी मुलगी पुऱ्यांसाठी खोटं बोलते? फसलेल्या मुलीची लोक कीव करतात. खादाड मुलीला हसतात."

"मग हसू देत."

"तुला हसतील तेव्हा मी त्या टेबलावर बसलेला असेन," बाबा म्हणाले. "उद्यापासून डबा नेत जा."

मी डबा नेला. वर्षभराहून जास्त नेला. समोरून पुऱ्यांचा वास यायचा आणि मी गार पोळी चावत पत्रकांतल्या हक्क, न्याय, स्वाभिमान या शब्दांवरचे अनुस्वार तपासायची. घरी मी बाबांशी लागेल तेवढंच बोलत होते. ते संध्याकाळी नेमाने अड्ड्यावर जात होते. चळवळ जिंकायला आली होती.

शेवटी राज्य झालं. त्या दिवशी गिरगावात तोरणं, गुलाल, दिवे. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मार खायची पाळी येते की काय अशा मोर्चांतून मीही चालले होते. संध्याकाळी त्या हॉटेलच्या दारात मालक स्वतः पेढे वाटत होते. येईल त्याला हाताला धरून आत नेत होते. मी आत गेले. समोरच्या भागात, पुरुषांच्या मधोमध, एका टेबलाशी बसले. खिडकीजवळ बाबा आणि त्यांचे चौघे मित्र होते. बाबांनी मला पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

मालक आले. सणासुदीला तमाशा नको म्हणून अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, कोणी यायचंय का?"

मी हळू बोलले नाही. म्हटलं, "कोणी यायचं नाही. तेव्हाही कोणी यायचं नव्हतं. असा माणूसच नव्हता. मला एकटीला बसू देत नव्हतात म्हणून मी खोटं सांगत होते. आज खरं सांगते. एक पुरीभाजी द्या."

आजूबाजूचे पुरुष वळून बघायला लागले. वेटर हातातला ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मालकांनी सवयीने बाबांकडे पाहिलं. माझंही लक्ष तिकडेच होतं. अजूनही मला वाटत होतं की ते म्हणतील, द्या तिला. पण त्यांच्या शेजारचे गृहस्थ आधी बोलले. त्यांना खोचून बोलायचं नव्हतं, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"अहो, मग तुम्ही दम दिलात तो कोणाला?"

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. बाबांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, छत्री घेतली आणि माझ्या टेबलाजवळून न थांबता बाहेर गेले. त्यांचा चहा अर्धा राहिला होता. माझी पुरीभाजी आली आणि मी ती सगळी खाल्ली. घास अडकला वगैरे काही झालं नाही.

त्या दिवसापासून मला तिथे कोणी अडवलं नाही. एकटी बाई बसते म्हटल्यावर हळूहळू शाळेतल्या दोन शिक्षिका येऊ लागल्या, मग दवाखान्यातली नर्स. त्या मला ओळखतही नसत. बाबा मात्र पुन्हा तिथे गेले नाहीत. अकरा वर्षं जगले त्यानंतर. संध्याकाळी पाच वाजले की कपडे बदलून तयार व्हायचे, मग आठवण व्हायची आणि गॅलरीत बसायचे. मित्र एक-दोनदा बोलवायला आले, नंतर आले नाहीत. आई चहा आणून ठेवायची. तिने त्या दिवसाबद्दल मला कधी माफ केलं नाही. मीही तिच्याकडे माफी मागितली नाही, आणि आजही मागणार नाही. चूक माझी नव्हती.

शेवटच्या वर्षी ते फार थकले होते. एका संध्याकाळी असेच कपडे करून बसलेले पाहून मी म्हटलं, "चला बाबा, आपण दोघं चहा घेऊन येऊ. मी बरोबर आहे."

त्यांनी खाली रस्त्याकडे पाहिलं.

"तू जा," ते म्हणाले. "तुला आता कोणी लागत नाही."

मी चपला घातल्या आणि गेले.