महिपतीची सात ठिकाणं

महिपतीच्या दहाव्याला कावळा शिवेना.

केम गावच्या ओढ्याकाठी पिंड मांडून तास उलटला. समोरच्या बाभळीवर पाच कावळे बसलेले, पण एकाचीही खाली उतरायची तयारी नाही. आई सोजरबाईनं हात जोडून सांगितलं, "लेका, तुजी शेळी इकणार न्हाय." चुलत्यानं सांगितलं, तुझ्या आईला अंतर देणार नाही. कबूल करायचं कुणी काही शिल्लक ठेवलं नाही. थोरला भाऊ कुंडलिक मात्र खाली मान घालून उभा होता. पोराचं मन कशात अडकलंय ते त्या सगळ्या गर्दीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि चारचौघांत ते बोलायची त्याला लाज वाटत होती.

शेवटी तो पुढं झाला आणि पुटपुटला, "महिपती, तुजी सातच्या सात ठिकाणं मी बघून येतो. मुंबईला जातो."

कावळा असा झेपावला की भटजीसुद्धा दचकले.

आता ही सात ठिकाणं कसली, ते सांगायला पाहिजे. दोघं भाऊ सोलापुरात चादरीच्या कारखान्यात कामाला. कुंडलिक चौकटीच्या कागदावर चादरीची नक्षी काढायचा, आणि महिपती त्या नक्षीबरहुकूम मागावर चढवायच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा. त्रेसष्ट चौकटी म्हणजे त्रेसष्ट, चौसष्टावी चालायची नाही, असं ते काम. सरळमार्गी पोरगं हो! पण त्र्याहत्तर साली मुंबईचा 'ब्लॅक लँटर्न' नावाचा रॉक बँड रेल्वेच्या हॉलमध्ये वाजवायला आला. केस वाढवलेली चार पोरं. त्यांच्या ड्रमला टांग्यात जागा होईना, तर हा शहाणा तो डोक्यावर घेऊन स्टेशनापासून हॉलपर्यंत गेला. त्यांनी याला फुकटात आत घेतलं. झालं! इंग्रजी गाण्यातलं एक अक्षर कळायचं नाही. कुंडलिक चिडवायचा, तर म्हणायचा, "कळायचं काय त्येच्यात? अंगात येतंय की!"

मग त्यानं ड्रमवाल्याला पत्रं लिहिली, पेपरातली कात्रणं जमवली, आणि त्या चौघांच्या पायाची धूळ जिथं जिथं पडली ती ठिकाणं नक्षीच्या कागदावर मांडली. पहिल्यांदा वाजवलं तो कॉलेजचा हॉल, ड्रम घेतला ते धोबीतलावचं दुकान, रेकॉर्ड झाली ती फोर्टातली इमारत. प्रत्येकाला एक लाल चौकट. सातवी चौकट भायखळ्याच्या एका गॅरेजची, कारण बँडचा सराव तिथं चालायचा आणि ड्रमवाल्यानं "ये एकदा" म्हणून लिहिलं होतं. कोणत्या ठिकाणाहून कुठं चालत जायचं, चहा कुठं घ्यायचा, सगळं ठरलेलं. मुंबईचा म पण न बघितलेलं पोरगं!

पुठ्ठ्यांचं काम कुंडलिकच्या हाताखाली, म्हणून दोनदा त्यानं त्याच्याकडंच रजा मागितली. दोन्ही वेळा कुंडलिकनं सांगितलं, "दिवाळीची ऑर्डर हाय. म्होरं बगू." तिसऱ्यांदा त्यानं मागितलीच नाही. कावीळ झाली आणि आठ दिवसांत बावीस वर्षांचं पोर गेलं.

दहावं उरकून मायलेक सोलापूरला साखर पेठेतल्या खोलीत परत आले. पहिल्याच दिवशी जेवायला बसले आणि ताटाच्या काठावर कुणीतरी बोटं वाजवली. टक, टकटक, टक. महिपतीची सवय. "ताट वाजवू न्हाय, घरात भांडणं हुत्यात," म्हणून आई त्याला रोज रागवायची. कुंडलिकनं आईकडं बघितलं. ती खाली मान घालून भाकरी मोडत होती.

मग ते रोजचंच झालं. कारखान्यात तर विचारू नका. शंभर माग धडधडत असायचे आणि त्यांतून तोच ठेका उठायचा. नक्षी काढताना हात चुकू लागला. एका चादरीतल्या मोराला दोन तुरे फुटले आणि मालक सगळ्यांदेखत ओरडला. कुंडलिकनं ठरवलं, आता जायचंच. वचन पुरं झालं की पोरगं सुटेल आणि आपणही सुटू.

पण निघायचं म्हटलं की विघ्न. एकदा आईचा गुडघा धरला. एकदा आई म्हणाली, जेऊरची मावशी येणार, ती आलीच नाही. आणि तिसऱ्यांदा महिपतीचा कागदच सापडेना. सगळी खोली पालथी घातली, तेव्हा कागद निघाला पिठाच्या डब्यातून.

"आये, हे काय?" कुंडलिक भडकला. "माजं डोकं फिरायची पाळी आलीया, आन तू कागद लपवतीस?"

सोजरबाई भिंतीला टेकून बसली. "तुला एकट्यालाच ऐकू येतंय व्हय रं? सात ठिकाणं सरली की त्यो जाणार. मग मी जेवायला कुनासंगं बसू?" तिनं पदर डोळ्याला लावला. "तू जा. तुजं हाल मला दिसत्यात की. पर सहाच बग. सातवं ऱ्हाऊ दे, लेका."

कुंडलिकला नाही म्हणवलं नाही. तो मुंबईला गेला.

दोन दिवसांत त्यानं सहा ठिकाणं पायाखाली घातली. खरं सांगायचं तर बघण्यासारखं कुठंच काही नव्हतं. पण प्रत्येक ठिकाणी ठेका जवळ यायचा, शेजारून कुणी खिशात हात घालून चालल्यासारखा. सहावं झालं आणि तो स्टेशनाकडं वळला. पण पाय भायखळ्याकडं निघाले. वचन मेलेल्याला आधी दिलं होतं, जित्या आईला नंतर. कुणाचं मोडायचं? रजा आपण नाकारली होती, ही बोच त्याला आत लोटत होती.

गॅरेजात एक मिस्त्री होता. म्हणाला, तो बँड केव्हाच फुटला, पोरं चार दिशांना गेली. कोपऱ्यात फाटक्या कातड्याचा एक ड्रम तेवढा पडला होता. कुंडलिकनं त्यावर तळहात ठेवला. पट्टा उतरला की माग थांबतो, तसा कानातला ठेका थांबला. एकदम. तो तिथंच, टायरांच्या ढिगावर बसून, मोठ्यानं रडला. "चुकलं रं माजं, महिपती," एवढंच त्याला म्हणता आलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "सहाच बघितलीस न्हवं?"

"व्हय," कुंडलिक म्हणाला.

तिनं दोन ताटं वाढली. बसली. भाकरीला हात लावला नाही, नुसती कान देऊन बसली. आमटी निवली, वर पापुद्रा धरला. शेजारच्या खोलीतला माग बंद झाला तरी ती हलेना. तिचा चेहरा हळूहळू उतरत चाललेला कुंडलिकला बघवेना. त्यानं डावा हात ताटाआड नेला आणि बोटं वाजवली. टक, टकटक, टक.

सोजरबाईनं डोळे मिटले. किती तरी वेळानं तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

"जरा जोरात वाजीव, कुंडलिका," ती म्हणाली. "त्यो असा भीत भीत वाजवायचा न्हाय."