कानवाले काका आणि मानपुरचा घाट

कानवाले काका रस्त्यात भेटले की आधी तुमच्या उजव्या कानाकडे पाहत, मग डाव्या, आणि वेळ उरलाच तर चेहऱ्याकडे. नमस्कारही ते कानालाच करत. कॉलनीत एक नवं जोडपं राहायला आलं तेव्हा मला म्हणाले, "प्रोफेसर, नवरा ठीक आहे. पण बायकोचा कान पाहिलात का? असा कान हातात यायला नशीब लागतं." ती बिचारी पंचविशीतली, ठणठणीत ऐकणारी. काकांना अजून तीस-चाळीस वर्षं तरी वाट पाहावी लागली असती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात आणि काका नागपूरला मुलीकडे राहतात. कानाची मशीन कुठल्याही कंपनीची असो, कानात बसणारा तुकडा मात्र ज्याच्या-त्याच्या कानाच्या मापाचाच लागतो. काका ते तुकडे बनवत. आधी कानात खोलवर दोरा बांधलेला कापूस सरकवायचा, मग मोठ्या पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत गिऱ्हाइकाने गप्प बसायचं. "जबडा हलवायचा नाही," काका बजावत. "बोललात की कानाचा आकार बदलला."

म्हणजे समोर एक माणूस, ज्याला धड ऐकू येत नाही आणि बोलायची बंदी आहे. अशा माणसाला काका सायकलिंगवर व्याख्यान देत. इतका शिस्तीचा श्रोता मला इतिहासाच्या वर्गात कधी मिळाला नाही.

व्याख्यानाचा विषय एकच असे: वजन. काकांचं म्हणणं असं, की हलकी सायकल चालवून तयारी होत नाही. सायकलला वजन लावायचं, महिनोन् महिने ओढायचं आणि मुख्य दिवशी काढून टाकायचं. "ज्या दिवशी वजन उतरवलं ना, भिया, त्या दिवशी देखना. मग सायकल चालवावी नाही लागत. मतलब, तिला फक्त दिशा दाखवायची."

वजन म्हणून लोक वाळू घेतात, विटा घेतात. काकांनी कान घेतले. गुलाबी लगद्याच्या मापावरून साचा, म्हणजे तो कानात बसणारा तुकडा, बनवताना प्लास्टरचा एक ठोकळा तयार होतो. साचा गिऱ्हाईक घेऊन जातं, ठोकळा दुकानात राहतो. वर्षानुवर्षांचे ते ठोकळे काकांनी दोन कॅनव्हासच्या पिशव्यांत भरले आणि कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकवले. अर्ध्या इंदूरचे कान घेऊन ते रोज सकाळी बाहेर पडत.

"माझ्या आईचाही आहे का त्यात?" मी एकदा विचारलं.

"आई डाव्या पिशवीत आहेत," काका म्हणाले. "उजवीकडे जरा जास्त होत होतं."

मी हे घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आई चिडेल. ती म्हणाली, "बुधवारी खजरान्याकडून जातो का तो?"

"जातात बहुतेक."

"मग असू दे. माझे तर गुडघे चालत नाहीत. कान तरी गणपतीला जाऊन येऊ दे."

ही सगळी तयारी मानपुरसाठी होती. कॉलनीत एक सायकल मंडळ आहे. मंडळाला अध्यक्ष आहेत, अध्यक्षांच्या जर्सीवर पाठीमागे 'अध्यक्ष' असं छापलेलं आहे, आणि मंडळाच्या बहुतेक मोहिमा पोह्यांच्या ठेल्यापर्यंत असतात. डॉक्टरांनी चालवा म्हटल्यामुळे मीही त्यात आहे. वर्षातून एकदा मात्र मंडळ खरोखरच लांब जातं: महू ओलांडून मानपुर, तिथून घाट उतरायचा, खाली चहा प्यायचा आणि परत घाट चढून वर यायचं. उतरून ढकलत न नेता हा घाट चढायचा, हे काकांनी गुलाबी लगदा भरलेल्या प्रत्येक माणसाला सांगून ठेवलं होतं. माघार घ्यायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती.

अडचण एकच होती. काकांना स्वतःला धड ऐकू येत नव्हतं; समोरून, जवळून बोललेलं तेवढं कळे.

हे कळायला आम्हाला पुष्कळ वेळ लागला, कारण ते सतत बोलत. बोलणाऱ्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही, आणि विचारलाच तर त्याचं उत्तर कुठल्या तरी वाक्यात येऊनच जातं. महामार्गावर बस अगदी अंगाजवळून गेली तरी काका मान वळवत नसत. आम्ही त्याला धैर्य म्हणत होतो.

अध्यक्षांच्या मात्र लक्षात आलं. ते सभेत उठून म्हणाले, "घाटात ट्रकांची रेलचेल असते. हॉर्न ऐकू येत नाही अशा सदस्याची जबाबदारी मंडळ घेणार नाही. काकांनी मशीन लावून यावं, नाहीतर येऊ नये." अध्यक्षांनी बरोबर बोलावं असे प्रसंग कमीच येतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी हे दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला दुकानात बोलावलं.

"प्रोफेसर, माझ्या कानाचं माप तुम्ही घ्या."

"मी? दुसऱ्या कोणाकडे तरी जा ना. शहरात एवढे लोक आहेत हे काम करणारे."

"त्यांचं काम मी पाहिलंय," काका म्हणाले. "तुमचं नाही पाहिलेलं. त्यामुळे तुमच्यावर विश्वास आहे."

ते खुर्चीत बसले. उजवा कान, कारण ट्रक उजवीकडून जातात. डॉक्टरांनी कान आधीच तपासून दिला होता. मी कापूस सरकवला, पिचकारी दाबली आणि म्हणालो, "जबडा हलवायचा नाही."

"हळू भरा," काका म्हणाले. "मधे थांबू नका, हवा राहते. वरच्या घडीत गेलं का? हां, असं. हात जरा भारी आहे तुमचा. आता बघा, या वेळी गिऱ्हाईक फार चुळबुळ करतं. एकदा एक वकीलसाहेब आले होते..."

"काका, बोलू नका."

"मी कुठे बोलतोय? मी तर शिकवतोय."

लगदा घट्ट होईपर्यंत त्यांनी मला सगळा धंदा शिकवला. मग बाहेर निघालेला गुलाबी तुकडा प्रकाशात धरून उलटसुलट करून पाहिला.

साचा तयार झाला तो असा: काका बोलत असताना कानात चपखल बसे. गप्प झाले, जबडा मिटला, की सैल पडे आणि मशीन शिट्टी वाजवू लागे. जन्मभर लोकांना गप्प बसवून अचूक साचे काढणाऱ्या माणसाच्या कानात असा साचा आला, की तो गप्प बसू देईना.

"पुन्हा घेऊ या माप," मी म्हटलं.

"काय गरज आहे?" काका म्हणाले. "गप्प कुठे बसायचंय अपनको."

मानपुरच्या सकाळी काकांनी सर्वांसमोर पिशव्या उतरवल्या. छोटासा समारंभच झाला तो. मग ते सायकलवर बसले, आणि सायकल खरोखरच उडाली, पण आडवी. इतके महिने कानांच्या वजनाने स्थिर झालेला तो हात मोकळ्या सायकलला आवरेना. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि सरळ अध्यक्षांच्या बॅनरमध्ये. शेवटी मंडळाची केळी, पाण्याच्या बाटल्या आणि बॅनर त्यांच्या कॅरियरवर लादला, तेव्हा कुठे सायकल सरळ चालली.

रस्ताभर काका बोलत राहिले. ज्याच्या शेजारी ते येत, तो जोरात पायडल मारून पुढे निघून जाई. मंडळ इतक्या वेगाने मानपुरला कधीच पोचलं नव्हतं. अध्यक्षांनी याचं श्रेय आपल्या नियोजनाला दिलं.

घाट उतरलो, चहा झाला, आणि चढ सुरू झाला. पुढचे दिसेनासे झाले. काकांच्या मागे मी एकटाच होतो, तेही नाइलाजाने, कारण मला कोणालाच मागे टाकता येत नाही.

पहिल्या वळणावर काकांचं बोलणं तुटू लागलं. दुसऱ्या वळणावर थांबलं. दम लागला होता. तोंड उघडं, आवाज बंद. उघड्या जबड्याला साचा पूर्ण बसला होता, आणि मधे त्यांचं स्वतःचं बोलणं नव्हतं. तेवढ्यात मागून एक ट्रक घरघरत आला, हॉर्न देत बाजूने गेला, आणि काका सायकलवरून उतरले. उतरले म्हणजे काय, एकदम कडेच्या गवतात जाऊन उभे राहिले.

"प्रोफेसर," थोड्या वेळाने ते म्हणाले, "हे नेहमीच एवढ्या जवळून जातात?"

"नेहमीच."

"आणि मी यांच्या बाजूने रोज..."

"रोज."

ते हँडल धरून उभे होते. मग त्यांनी बोट कानाशी नेलं, साचा बाहेर काढला आणि तळहातावर ठेवला.

"हे खिशात टाकलं तर मी चढून जाईन, भिया. न उतरता. आत्ताचं उतरणं तुम्ही नाही मोजायचं."

"नाही मोजत. जा."

"वर अध्यक्षांना काय सांगाल?"

"काही नाही सांगणार."

ते त्या तुकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. गिऱ्हाइकाचं काम तपासावं तसे. मग त्यांनी तो नीट फिरवून परत कानात बसवला, केळ्यांची दोरी आवळली आणि सायकल ढकलत चालू लागले. मीही उतरलो. खरं सांगायचं तर मी केव्हाचा निमित्त शोधत होतो.

थोडं चालल्यावर काका म्हणाले, "येतोय."

मागे वळणापर्यंत रस्ता रिकामा होता. मग वळणावरून सिमेंटची पोती लादलेला ट्रक वर आला. आम्ही कडेला सरकलो.

पुन्हा थोड्या वेळाने: "येतोय. हा रिकामा आहे."

रिकामाच होता. मागचं फाळकं खडखडत गेलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी चक्क चेहऱ्याकडे.

माझा फोन वाजला. अध्यक्ष होते. "कुठे आहात तुम्ही लोक? फोटो थांबलाय. बॅनर तुमच्याकडे आहे."

"कोण आहे?" काकांनी विचारलं.

"अध्यक्ष. बॅनर मागतायत."

"त्यांना सांगा..." एवढं म्हणून काकांनी हात वर केला. मान वळणाकडे कलती, तोंड उघडं. मीही थांबलो, फोन कानापासून दूर धरला. खाली रस्त्यावर काहीच नव्हतं. मला काही ऐकू येत नव्हतं.

"दोन आहेत," काका म्हणाले.