एक नंबरचं पिस्तूल

“हात पुसले का?”

काकांच्या घरात पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी हा प्रश्न येई आणि पाठोपाठ त्यांच्या खांद्यावरचा सुती रुमाल पुढे होई. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याला जगातली सगळी संकटं घामेजलेल्या हातांतून येतात असं वाटतं.

आयर्लंडमधल्या ल्यूकनला त्यांच्या शेजारच्या घरात मी एक लहान खोली भाड्यानं घेतली होती. तिथून बसनं मेनूथच्या विद्यापीठात जात असे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. काका मूळचे नागपूरचे, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, एकटेच राहत. त्यांच्याकडे एक जुनी लाकडी पेटी होती. आत हिरवं कापड आणि पिस्तुलांच्या आकाराच्या दोन खाचा. एका खाचेत दोनशे वर्षांपूर्वी लंडनला घडवलेलं, चकमकीच्या दगडाच्या ठिणगीनं बार उडणारं पिस्तूल, नळीवर ‘१’ कोरलेला. दुसरी खाच रिकामी.

“द्वंद्वाची पिस्तुलं जोडीनंच बनत,” काका सांगत. “दोघांच्या हातात सारखं हत्यार पाहिजे नं. नाहीतर तो सरळ खून झाला.”

कित्येक वर्षं ते ‘२’ शोधत होते. ते सापडलं कासलबारच्या एका आयरिश आजींकडे. आजींनी पत्रानं कळवलं, ‘तुमचं घेऊन या. कसं जपलंय ते बघते, मग द्यायचं की नाही ते ठरवीन.’ दसऱ्यानंतरचा शनिवार ठरला.

खंडेनवमीला काकांना ऑफिसातून लवकर निघता येईना. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. “पूजा तूच मांड,” ते फोनवर म्हणाले. माझे वडील गवंडी. घरी आम्ही त्यांची थापी आणि ओळंबा पाटावर मांडतो, पाणी शिंपडतो, ओल्या कुंकवाचं बोट लावतो. मी पिस्तुलालाही तेच केलं. हात मात्र आठवणीनं पुसले होते. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी शिवत नाही. संध्याकाळी काकांनीही लांबूनच नमस्कार केला.

दसऱ्याला सकाळी त्यांनी कुंकू पुसलं. खाली नळीवर गंजाचा डाग होता, बरोबर माझ्या बोटाएवढा.

“काय केलं गं हे?”

“ओलं लावलं, काका. घरी तसंच लावतो.”

हात न पुसताच त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

“थापीला चालतं गं,” शेवटी म्हणाले. “थापी रोज घासली जाते.”

“आपणही घासून काढू?”

“जुनी झिलई जाईल. राहू दे. शनिवारी तूही चल.”

कासलबारला आजींनी चष्मा लावून नळी पाहिली. “हा डाग नवा आहे. कोणी केला?”

काका तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, “मी.” आणि अडखळत्या इंग्रजीत थापीपासून सगळं सांगितलं.

“म्हणजे वडिलांच्या थापीला जो मान, तोच याला दिलास?” आजी म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी आपलं पिस्तूल आणलं आणि रिकाम्या खाचेत ठेवलं. चहा गार होईपर्यंत आम्ही तिघं ती जोडी बघत बसलो.

मग आजींनी ‘२’ हळूच उचलून घेतलं. “माझ्या नवऱ्याचं आहे. देईन असं वाटलं होतं. आता हात होत नाही.”

परतताना गाडीत मला रडू आलं. “माझ्यामुळं नाही म्हणाल्या.”

“नाही गं बाप्पा,” काका म्हणाले. “तुझ्यामुळं असतं तर चहा दिला असता का?”

पुढच्या उन्हाळ्यात नागपूरला त्यांची आई पडली. तिला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. काकांनी नोकरी सोडली. निघण्याआधी आम्ही पुन्हा कासलबारला गेलो. मला वाटलं, शेवटचं मागून बघणार असतील. त्यांनी पेटीच आजींपुढे ठेवली, ‘१’सकट.

“नक्की?” आजींनी विचारलं.

“एका घरात राहू द्या दोघांना.”

आजींनी पेटीकडे हात नेला, तसा काकांनी खांद्यावरचा रुमाल काढून पुढे धरला. “आधी हात पुसा.”

रुमाल काकांनी परत घेतला नाही. विमानतळावर त्यांचा खांदा रिकामा होता.

यंदा खंडेनवमीला आजींनी फोटो पाठवला. पेटी उघडी, शेजारी घडी घातलेला तो रुमाल. आत दोन्ही पिस्तुलं, अगदी सारखी. त्यातलं ‘१’ कुठलं ते कळायला मला आकडा शोधावा लागला नाही.