शिवाचं मोकळं कपाळ

शिवाच्या फोटोवर विभूती काढायला मी नाही म्हणालो, त्याला आज वर्ष झालं.

म्हणजे शिवा जाऊन वर्ष झालं. दोन्ही एकाच दिवशीचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी कोल्हापुरात फॅमिली फोटोग्राफर आहे. बारसं, लग्न, साठी. शिवा माझा कॉलेजपासूनचा मित्र, कुरुंदवाडचा. लिंगायत घर, खताचं दुकान. पूजा झाल्याशिवाय चुलीवर चहा चढत नाही असं घर.

आमच्या धंद्यात एक न बोललेली पद्धत आहे. लग्नातले ग्रुप फोटो संपले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकेकटं साध्या भिंतीपुढे उभं करायचं आणि एक क्लोजअप घेऊन ठेवायचा. कशाला, ते कोणी विचारत नाही.
पुढे कधीतरी फोन येतो. "एखादा चांगला फोटो असला तर बघा हो. हार घालायचाय."

शिवा सोबत असला की मागून ओरडायचा, "आजोबा, टोपी सरळ करा. यमाचा सब-एजंट आलाय."

आजोबा हसायचे. माझे हाराचे फोटो हसरे असतात त्याचं क्रेडिट शिवाचं.

शिवाची बायको आजारी पडली तेव्हा त्या घरानं एकही देव सोडला नाही. शिवानं उपवास केले, अनवाणी चालला. ती गेली.

माणसं भेटायला बसली होती. शिवाचे मोठे भाऊ, अण्णा, सगळ्यांदेखत म्हणाले, "भक्ती कुठंतरी कमी पडली असंल."

तिथून पुढे शिवानं कपाळ मोकळं ठेवलं.

अव्वा, म्हणजे त्याची आई, रोज सकाळी त्याच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायचीच. तो मान खाली करून लावून घ्यायचा. आणि गल्लीच्या कोपऱ्यावर गेला की रुमालानं पुसायचा.

"अव्वाला कशाला दुखवायचं," म्हणायचा. "तिचा देव हाय. माझा न्हाय."

मी दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारा. कुरुंदवाडहून मला गाडीवर तोच न्यायचा. मी आत दर्शनाला, तो बाहेर माझी कॅमेऱ्याची बॅग आणि चप्पल सांभाळत बसलेला.

"काय मागितलंस?"
"तुझ्यासाठी मागितलं."
"मग चहा मी पाजतो. वाया गेलं तुझं."

मग त्याचंच लिव्हर. रिपोर्ट घेऊन तो घरी गेला नाही, सरळ माझ्या स्टुडिओत आला आणि स्टुलावर बसला.

"माझा काढ."
"कशाला?"
"सब-एजंटनं असलं इचारू न्हाय."

खिशातून रुमाल काढला, कपाळ नीट पुसलं.

"असाच काढ. आन् हे बघ सुऱ्या, मागनं कोण म्हणालं, ह्याच्यावर विभूती काढ, तर न्हाय म्हणायचं."
"म्हणतो."
"नुसतं म्हणतो म्हणू नको. अण्णा लई गोड बोलतोय."

त्या पौर्णिमेला मी वाडीला काय मागितलं ते इथे लिहीत नाही. मिळालं नाही.

तो गेला त्या सकाळी अण्णांचा फोन आला. "फोटो करून आणा. आन् तेवढी विभूती लावा कॉम्प्युटरवर. दोन मिनटाचं काम."

"अण्णा, त्यानं नको म्हणून सांगितलंय."

"आजारी माणूस काय बी बोलतंय. समाज येणार आज. मोकळं कपाळ बरं दिसतंय व्हय?"

मी नाही म्हणालो. परत नाही म्हणालो.

"पावणं," अण्णा म्हणाले, "घरातलं आमी बघतो. तुमी फोटोवालं, तुमी फोटोचं बघा."

पावणं. अव्वाच्या हातची भाकरी मी कॉलेजपासून खातोय त्या घरात.

फ्रेम घेऊन गेलो. अव्वानं फोटो मांडीवर घेतला, पदरानं पुसला.

"लाव की रं बाळा. असा कसा जाईल त्यो?"

अण्णांना नाही म्हणताना मला बरं वाटलं होतं. अव्वाला म्हणताना जीभ उचलेना. तरी म्हणालो. "अव्वा, त्यालाच नको होतं."

"मला म्हाईत न्हाय व्हय? कोपऱ्यावर पुसत हुता. पुसू दे की. पर मी लावलेलं तर हुतं न्हवं."

आणि तिनं आतून विभूती आणली, पाण्यात बोटं बुडवून काचेवरच तीन रेघा ओढल्या. अण्णा माझ्याकडे बघत होते.

मी धंद्यात मेलेल्यांचे मिटलेले डोळे उघडलेत. शर्टावर कोट चढवलेत. खांद्यावरचे दुसऱ्यांचे हात पुसलेत. मग याच फोटोला एवढा प्रामाणिकपणा कुठून आला? शिवाला शब्द दिला म्हणून? अण्णांना एकदा तरी 'नाही' ऐकवायचं होतं म्हणून? की वाडीच्या देवावरचा राग मी एका म्हातारीवर काढला?

वर्षभर विचारतोय. तिन्हीला हो येतं.

पौर्णिमेला वाडीला जाणं मी बंद केलंय.

आज कुरुंदवाडला गेलो होतो. शिवा किती श्रद्धाळू होता यावर अण्णा माइकवर बोलले. दवाखान्याची पायरी न चढलेले लोक माना डोलावत होते. अण्णांच्या मागे भिंतीवर शिवा, काचेवर अव्वानं सकाळी ओढलेल्या रेघा.

म्हणजे शब्द मी पाळला आणि उपयोग शून्य, असं समजून मी पंगतीत बसलो.

माणसं गेली तेव्हा मी वर बघितलं. कपाळ मोकळं होतं. खाली फ्रेमच्या कडेवर पांढरी पूड.

अव्वा ती पूड पदरानं टिपत होती.

"कोणी पुसलं?" मी विचारलं.

"कोण पुसतंय? काचेवर धरत न्हाय. वाळली की झडती. रोज सकाळी लावती, जेवणापतोर जाती."

मग फोटोकडे बघत म्हणाली, "गेला बघ कोपऱ्यावर."

शिवा, कपाळ मोकळं आहे. उद्या सकाळपर्यंत.

येतो रे.