फाटकापासूनची पावलं

आमच्या मंडळीच्या कबरस्थानात दगडी थडगी दोन-चारच. बाकीच्यांच्या डोक्याशी लाकडी क्रूस, आणि परळीच्या वाळवीला क्रूस काय न् चौकट काय, सारखंच. म्हणून आमच्यात कबर पावलांनी लक्षात ठेवतात. फाटकातून सरळ इतकी, मग डावीकडं इतकी. ती पावलं लिहिलेली वही माझ्याकडं. मी मंडळीचा पंच, त्यात तोंडाचा फटकळ. कुणी जागेवरून हुज्जत घातली की वही पुढं टाकायची, विषय खलास.

यंदा हिवाळ्यात रस्त्याकडचं जुनं फाटक आम्ही बंद केलं. थर्मलच्या राखेचे टिप्पर थेट तिथंच उभे राहायचे. भिंत बांधली, जेसीबीनं आतली जमीन सपाट केली, आणि नवं फाटक पलीकडच्या कोपऱ्यात बसवलं. मी थर्मल वीजकेंद्रातला फिटर, फाटक मीच वेल्डिंग करून दिलं. लोकांनी कौतुक केलं आणि मीही ते करून घेतलं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मुलीचं दृढीकरण झालं. पोरगी पांढऱ्या कपड्यांत, पहिल्यांदा प्रभुभोजनाला उभी. बायको मात्र सारखा पदर डोळ्याला लावत होती. मी दटावलं, "आज तरी डोळे पूस, लोकं बघायलेत."

ती म्हणाली, "तो असता तर आज झावळी धरून पुढं चालला असता."

आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना तापानं गेला. नऊ वर्षं झाली.

मंगळवारी सकाळी मंडळीतली आत्या वारली. सगळ्यांचीच आत्या, आमच्या दोन पिढ्यांना रविवारच्या शाळेत शिकवलेली. बुधवारी चारला माती द्यायची ठरली. मी वही उघडली, रिकामी जागा काढली, फाटकातून पावलं मोजली आणि चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला. दोन गडी खणायला लागले.

मांडीभर खोल गेलं आणि कुदळ फळीवर वाजली. मी खाली उतरलो. हातानं माती सारली तर पिवळी लोकर दिसली. बायकोनं विणलेला स्वेटर होता तो. मीच पोराला घालून दिलेला, शेवटचा.

वहीतली सगळी पावलं जुन्या फाटकापासूनची होती. मी मोजली नव्या फाटकापासून. माझ्याच हातानं बसवलेल्या फाटकापासून. इतका कसा मी आंधळा?

गड्यांना चहाला पाठवलं. "कावून?" एकानं विचारलं, तर त्याच्यावर खेकसलो. दुसरा खड्डा घ्यायचा म्हणजे खाली सगळा मुरूम, आणि आत्याची पेटी निघायला दीड तास. मी अंगातला सदरा काढला, त्यात सगळं गोळा केलं. लई हलकं होतं. त्याच खड्ड्याच्या पायाकडच्या बाजूला कोनाडा कोरला, त्यात ठेवलं, वरून माती दाबून बसवली. गडी आले तेव्हा मी बनियनवर खणत होतो. चार वाजता आत्याला तिथंच माती दिली. गीतं म्हटली. बायको माझ्या शेजारी उभी होती, खड्ड्यापासून हातभर अंतरावर.

त्या दिवसापासून माझ्या हातांना ते वजन लागून राहिलं. जेवताना, पाना धरताना, मुलीच्या डोक्यावर हात ठेवताना. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूचे क्रुसावरचे सात उद्गार सातजण सांगतात. माझ्याकडं तिसरा आला होता, आईला शिष्याच्या हवाली करण्याचा. महिन्यापूर्वीच वाटून दिलेलं, आता बदलून कोण देणार? मी उभा राहिलो, समोर बायको बसलेली. चार वाक्यं बोललो आणि बसलो. पाळकसाहेबांना वाटलं, आत्याच्या दुःखानं आटोपतं घेतलं.

ईस्टरला उजाडता उजाडता सगळी मंडळी कबरस्थानात जाते. आपापल्या माणसांपाशी मेणबत्त्या लावतात. आत्याच्या मातीला बायको गर्दीबरोबर आली न् गेली; भिंत झाल्यापासून पोराची जागा शोधायची तिची ही पहिलीच वेळ. सपाट जमीन बघून ती गोंधळली. "आपला कुठंय हो? तुमी पावलं मोजा."

जुनं फाटक होतं तिथून मोजून दाखवलं असतं, तरी त्याच जागेवर आलो असतो, फक्त मातीचा ढीग नवा दिसला असता. किंवा दहा पावलं अलीकडं थांबायचं आणि इथंच म्हणायचं. तिनं डोळे झाकून विश्वास ठेवला असता. वही माझी, शब्द माझा. मी खरंच थांबलोही. तिनं खाली बसून मेणबत्ती रोवायला बोटानं खळगा केला, आणि मला ते बघवलं नाही.

"तिथं न्हाई," मी म्हणालो. तिला आत्याच्या ढिगाऱ्यापाशी नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फाटक, फळी, सदरा, कोनाडा. वाटलं, आता ही शिव्या देईल, चारचौघांत छाती पिटून घेईल. मला तेच पाहिजे होतं.

ती ढिगाऱ्याच्या पायथ्याशी बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "घर धा मिनिटांवर हाय. मला कावून बोलावलं न्हाई? तुमाला घेता आलं त्याला. मला एकदा घेऊ द्यायचं होतं."